दिवा लागला की आरसीसीबी पडतो: घरगुती एस्प्रेसो मशीनमधल्या गळतीचं एक प्रकरण

गोव्याच्या फोंडा तालुक्यातलं, कुळागराला (पोफळीच्या बागेला) लागून असलेलं चिरेबंदी घर. मे महिन्यापासून बंद होतं, ते गणेश चवथीच्या तयारीसाठी ऑगस्टमध्ये उघडलं. स्वयंपाकघरात मुलाने जर्मनीहून आणलेलं एस्प्रेसो मशीन आहे. तक्रार अशी: मशीन चालू केलं की व्यवस्थित तापतं, दोनेक मिनिटांनी ‘तयार’ असं सांगणारा दिवा लागतो, आणि त्याच क्षणी अख्ख्या घराची लाईट जाते. दिवा लागेपर्यंत काही होत नाही. मशीन बंद करून आरसीसीबी (वीज अर्थकडे गळली की पुरवठा तोडणारा बोर्डातला स्विच) वर केला की घर पुन्हा चालू.

आमच्याकडे प्रकरण येण्याआधी दोन गोष्टी घडल्या होत्या. थर्मोस्टॅट उघडतो तेव्हाच दिवा लागतो, म्हणून ‘थर्मोस्टॅट गेला’ असं ठरवून तो बदलला गेला होता. फरक शून्य. मग सल्ला मिळाला, “वहिनी, प्लगमधली अर्थिंगची वायर सोडवली की पडायचं थांबेल.” थांबलं असतं, यात शंका नाही. पण ते किती महागात पडलं असतं, हे पुढच्या आकड्यांवरून कळेल.

मशीनची माहिती

सिंगल बॉयलर, पितळी, साधारण ३०० मिलिलिटर पाणी मावणारा. हीटिंग एलिमेंट १३०० वॉट, २३० व्होल्ट. दोन थर्मोस्टॅट: एक कॉफीचा, एक वाफेचा. एक थर्मल फ्यूज, तीन तोंडांचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि ४८ वॉटचा व्हायब्रेशन पंप. मुख्य स्विच दोन्ही तारा तोडणारा, म्हणजे डबल पोल. थर्मोस्टॅट मात्र एलिमेंटच्या एकाच टोकाच्या वाटेवर बसवलेले. इलेक्ट्रॉनिक्स नाही. प्लग जर्मन पद्धतीचा, गोल, दोन पिनांचा. त्याला अर्थ मिळतो तो कडेच्या दोन पट्ट्यांमधून. हा प्लग सॉकेटमध्ये दोन्ही बाजूंनी बसतो. उलटा घातला की फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल होते. या प्रकरणाची किल्ली याच गोष्टीत आहे.

पहिला प्रश्न: नक्की काय पडलं?

‘फ्यूज गेला’, ‘ट्रिप झालं’ हे शब्द सगळ्यालाच वापरतात. म्हणून बोर्ड उघडून कुठली दांडी खाली आली ते आधी पाहायचं. एमसीबी पडला असेल तर प्रवाह प्रमाणाबाहेर गेला, म्हणजे शॉर्ट किंवा ओव्हरलोड. आरसीसीबी पडला असेल तर गेलेला प्रवाह न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही, काही भाग अर्थकडे वळला. दोन्हींची तपासणी वेगळी. इथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडत होता, एमसीबी जागेवर होता. म्हणजे शॉर्ट शोधण्यात वेळ घालवायचं कारण नव्हतं.

३० मिलिअँपिअर लिहिलेला आरसीसीबी ३० वर पडलाच पाहिजे आणि १५ ला पडता कामा नये. मधे कुठेही पडू शकतो. २३० व्होल्टला ३० मिलिअँपिअर म्हणजे साधारण ७.७ किलोओहमची वाट, १५ म्हणजे साधारण १५ किलोओहमची. मशीनमध्ये कुठेतरी फेज आणि पत्रा (मशीनचं धातूचं अंग) यांच्यामध्ये या हिशोबातली वाट तयार झाली होती, पण ती दिवा लागल्यावरच कामाला येत होती.

दोष घराच्या वायरिंगचा नाही, हेही पाहून घेतलं. मशीन काढून, बाकी सगळं चालू ठेवून, लीकेज क्लॅम्प मीटर मेन तारांभोवती (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडून) लावला: ४ मिलिअँपिअर. फ्रिज, इन्व्हर्टर, संगणक असलेल्या घरात एवढं असतंच.

अर्थ खरी आहे का?

पुढची चाचणी अर्थवर अवलंबून आहे, म्हणून ही पायरी आधी. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल २२२ व्होल्ट, फेज-अर्थ २२१, न्यूट्रल-अर्थ १.४. आकडे छान दिसतात, पण मल्टिमीटरवर विसंबू नये. त्याचा स्वतःचा रोध इतका मोठा असतो की गंजून एका धाग्यावर लटकलेली अर्थही त्याला चांगलीच दिसते. आरसीसीबीवरचं ‘टेस्ट’ बटणही अर्थबद्दल काही सांगत नाही. ते बटण फक्त आरसीसीबीची यंत्रणा तपासतं आणि अर्थ अजिबात नसलेल्या घरातही काम करतं. म्हणून त्याच सॉकेटमध्ये आरसीसीबी टेस्टर लावून फेजमधून अर्थकडे ३० मिलिअँपिअर सोडले. आरसीसीबी पडला, म्हणजे सॉकेटपासून जमिनीपर्यंतची वाट खरी आहे.

चिऱ्याच्या, मुरमाड जमिनीत अर्थचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो आणि रोध बराच चढतो. पावसाळ्यातलं माप बघून समाधान मानू नये. हीच चाचणी मे महिन्यात पुन्हा करायची. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर अर्थ थोडी कमकुवत असली तरी संरक्षण मिळतं, कारण पत्र्यावर ५० व्होल्ट यायच्या आत पडायला १६०० ओहमची अर्थही हिशोबाने पुरते. पण अर्थ अजिबात नसेल तर आरसीसीबी वाट बघत बसतो, कोणीतरी हात लावेपर्यंत.

अॅडॉप्टरचा इतिहास

इथे एक जुनी गोष्ट बाहेर आली. बंद करण्याआधी मशीन ‘युनिव्हर्सल’ म्हणून मिळणाऱ्या चपट्या अॅडॉप्टरवर चालायचं. त्यात जर्मन प्लगच्या दोन पिना जातात, पण कडेच्या अर्थपट्ट्यांना स्पर्श करणारं काहीच नसतं. म्हणजे मशीन इतके दिवस अर्थशिवाय चालत होतं. गेल्या पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून ट्रे काढताना बोटांना झिणझिण्या येत होत्या, हे घरच्यांनी विचारल्यावर सांगितलं. स्वतःहून सांगण्याइतकं ते कोणाला मोठं वाटलं नव्हतं. ऑगस्टमध्ये तो अॅडॉप्टर काळा पडलेला दिसला (साडेपाच-पावणेसहा अँपिअर सैल पितळी पट्टीतून गेले की ती तापतेच), म्हणून अर्थ असलेला चांगला अॅडॉप्टर आणला. त्याच दिवसापासून लाईट जायला लागली.

घरच्यांचा निष्कर्ष सरळ होता: नवा अॅडॉप्टर खराब. प्रत्यक्षात गळती आधीपासून होती, ती नव्या अॅडॉप्टरमुळे पहिल्यांदा दिसली. चालणाऱ्या मशीनला अर्थ जोडल्यावर आरसीसीबी पडू लागला, तर अर्थला दोष देऊ नका. ती तिचं काम करते आहे.

प्लग उलटा करून बघणे

मशीन न उघडता गळतीची जागा शोधायची ही चाचणी फार उपयोगी आहे, आणि फारच कमी लोक ती करतात. अट एवढीच: अर्थ आणि आरसीसीबी दोन्ही खात्रीचे हवेत, चाचणी चालू असताना मशीनला हात लावायचा नाही, आणि चालू-बंद बोर्डावरून करायचं. टाकी भरलेली आणि बॉयलरमध्ये पाणी असलेलं हवं.

प्लग होता तसा: २ मिनिटं १० सेकंद तापलं, दिवा लागला, आरसीसीबी पडला.

प्लग उलटा: मुख्य स्विच दाबला त्या क्षणी आरसीसीबी पडला.

कारण असं. एलिमेंटच्या दोन टोकांना क आणि ख म्हणू. थर्मोस्टॅट क टोकाच्या वाटेवर आहे, ख टोक थेट मुख्य स्विचला जातं. पहिल्या स्थितीत ख ला फेज होती आणि क ला, थर्मोस्टॅटमधून, न्यूट्रल. एलिमेंटमधून प्रवाह वाहत असताना ख टोकाला पूर्ण २२२ व्होल्ट, आणि क कडे येईतो ते जवळजवळ शून्यावर. गळती क टोकापाशी असेल तर तापताना तिथे जेमतेम पाच-सात व्होल्ट असतात. दहा किलोओहममधून एक मिलिअँपिअरही जात नाही. थर्मोस्टॅट उघडला की न्यूट्रल सुटतो, प्रवाह थांबतो आणि अख्खं एलिमेंट, क टोकासकट, फेजच्या दाबावर येतं. गळतीवर एकदम २२२ व्होल्ट. दिवा लागणं आणि आरसीसीबी पडणं एकाच क्षणी होतं ते यामुळे. थर्मोस्टॅट त्याचं काम बरोबर करत होता.

प्लग उलटा केल्यावर क ला फेज मिळाली. गळतीच्या जागेवर पहिल्या सेकंदापासून जवळपास पूर्ण दाब. लगेच पडला.

गळती ख टोकाला असती तर चित्र वेगळं दिसलं असतं: एका बाजूने लगेच पडला असता, दुसऱ्या बाजूने कधीच नाही. मधोमध असती तर दोन्ही बाजूंनी तापतानाच निम्म्या दाबाने गळती झाली असती, आणि ती पुरेशी मोठी असल्यास दोन्हीकडे सुरुवातीलाच पडला असता. कॉफीचं बटण दाबल्यावरच पडत असेल तर एलिमेंट सोडून पंप आणि सोलेनॉइडकडे बघायचं. म्हणून तक्रार ऐकताना ‘कधी पडतो’ हे सेकंदापर्यंत विचारावं.

दोन मिनिटं दहा सेकंद या वेळेचाही उपयोग होतो. २७ अंशांवरचं ३०० मिलिलिटर पाणी आणि सुमारे दोन किलो पितळ शंभराच्या वर न्यायला दीडशे किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. २२२ व्होल्टला हे एलिमेंट साधारण १२०० वॉट देतं, म्हणजे सव्वादोन मिनिटांच्या आतबाहेर. वेळ जुळली, म्हणजे एलिमेंटची आतली तार शाबूत आहे. दोष तिच्या भोवतालच्या इन्सुलेशनमध्ये आहे.

आतली मापं

प्लग काढला, मशीन गार केलं, वरचं झाकण उतरवलं. कुठलीही स्पेड टर्मिनल (तारेच्या टोकाची चपटी, ओढून निघणारी जोडणी) ओढण्याआधी वायरींचे फोटो. थर्मोस्टॅटच्या तारा एकसारख्या रंगाच्या असतात आणि उलटसुलट लागल्या तर कॉफीच्या जागी वाफेचं तापमान मिळतं.

एलिमेंटच्या दोन्ही तारा काढून दोन टोकांमधला रोध: ४१.१ ओहम, मीटरच्या तारांचे ०.४ वजा करून ४०.७. २३० चा वर्ग भागिले १३०० केलं तर हेच येतं. एलिमेंट ते बॉयलर, साध्या मल्टिमीटरवर: ३८ किलोओहम, पण आकडा स्थिर नाही, हळूहळू चढत जातो, आणि प्रोब अदलाबदल केले की वेगळाच दिसतो. असा भटकणारा आकडा ओलाव्याचा असतो. पाणी आणि क्षार यांच्यावर मीटरची बॅटरी लागली की तिथे छोटा सेलच तयार होतो. धातू धातूला टेकला असता तर स्थिर, अगदी लहान आकडा मिळाला असता.

५०० व्होल्टच्या डिजिटल मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर): ०.०१ मेगाओहम, म्हणजे १० किलोओहमच्या घरात. २२२ व्होल्टला २२ मिलिअँपिअर. आरसीसीबीच्या पट्ट्यात बरोबर बसतं. मल्टिमीटर दोन-तीन व्होल्टांवर मोजतो, मेगर पाचशेवर. ओल्या इन्सुलेशनचा खरा स्वभाव जास्त दाबालाच कळतो. काही मशीनमध्ये मल्टिमीटर ‘ओपन’ दाखवतो आणि मेगर शून्याजवळ. तेव्हा मल्टिमीटरवर विश्वास ठेवून एलिमेंटला चांगलं म्हणणं ही नेहमी होणारी चूक आहे. मेगर लावताना एलिमेंट पूर्ण सुटं हवं. इलेक्ट्रॉनिक बोर्ड असलेल्या मशीनमध्ये बोर्डाला ५०० व्होल्ट लागले तर तो मरतो.

मेगरला एक मर्यादा आहे. एलिमेंटचा स्वतःचा रोध अवघा ४१ ओहम, त्यामुळे क ला लावा की ख ला, आकडा तोच येतो. गळती आहे हे मेगर सांगतो, कुठे आहे ते नाही. ते प्लगच्या चाचणीने आधीच सांगितलं होतं.

एलिमेंट बाजूला ठेवून उरलेलं वायरिंग मोजलं: फेज-न्यूट्रल एकत्र बांधून ते पत्रा, ५० मेगाओहमच्या वर. पंप, सोलेनॉइड, स्विच निर्दोष. पंपाबद्दल एक सूचना: या पंपांत आत डायोड असतो, त्यामुळे ओहमच्या रेंजवर ते एका किंवा दोन्ही दिशांनी तुटल्यासारखे दिसतात. चांगले पंप याच कारणाने फेकले जातात. डायोड रेंजवर एका दिशेने वाचन यायला हवं. काढलेला जुना थर्मोस्टॅट घरात होता. तो गरम तेलात, थर्मामीटर लावून, १०३ अंशांना उघडला. त्यात काहीच बिघडलं नव्हतं. बॅगेत घालून सुटा भाग म्हणून ठेवायला दिला.

क टोकापाशी काय होतं

क टोकाच्या पितळी पट्टीवर हिरवट बुरशीसारखा थर, आणि मुळाशी, जिथे पिन नळीतून बाहेर येते, पांढरी कोरडी धार. ख टोक स्वच्छ. धारेचा माग वर घेतला तर तो बॉयलरच्या वाफेच्या व्हॉल्व्हच्या सांध्यापाशी पोचत होता. तिथलं रबरी ओ-रिंग कडक होऊन चिरलं होतं. चालू मशीनमध्ये तिथून वाफ फार तर थेंबाथेंबाने निसटायची, पितळावर वाळायची आणि खाली क च्या पिनेवर उतरायची. क च्या तोंडाचं सील तपकिरी होऊन भुगा झालं होतं. लाकडी टूथपिक लावली तशी कणी सुटली.

एलिमेंटच्या नळीत, तार आणि बाहेरचं आवरण यांच्यामध्ये, मॅग्नेशियम ऑक्साइडची दाबून भरलेली पूड असते. कोरडी असेल तर तिच्याइतकं चांगलं इन्सुलेशन नाही: उष्णता जाऊ देते, वीज अडवते. पण ती हवेतला ओलावा ओढते. तोंडाचं सील धड असेल तोवर काही होत नाही. सील गेलं आणि मशीन रोज तापत असेल तरी निभावतं, कारण रोजच्या तापण्याने आत आलेलं बाहेर जातं. सील गेलेलं आणि मशीन जून-जुलैत बंद घरात, चिऱ्याच्या भिंतीला लागून उभं: तेव्हा पूड ओलावा ओढतच राहते आणि बाहेर घालवायला उष्णता नाही. घर उघडल्यावर मशीन पहिल्यांदा तापवलं की आतला ओलावा गरम भागातून गार टोकांकडे सरकतो, म्हणजे नेमका सीलच्या मागे जमतो. गळती टोकापाशी सापडणं म्हणून साहजिक आहे.

गोव्यातला पाऊस आणि दमट हवा धरली तर घरगुती हीटिंग उपकरणांच्या गळतीत ओलावा हा पहिला संशयित असावा, क्षार नव्हे. यंत्रांच्या दुरुस्तीचं बहुतेक लिखाण क्षारांवर भर देतं, कारण ते कठीण पाण्याच्या प्रदेशांतून येतं. इथे बॉयलर उघडल्यावर एलिमेंटवर पुसून निघेल एवढाच पातळ थर होता. तो काढला, पण त्याचा या बिघाडाशी संबंध नव्हता.

वाळवणे

प्रश्न उरला एकच: फक्त तोंडातून ओलावा गेलाय, की बॉयलरच्या आत आवरणालाच चीर आहे? दुसऱ्या परिस्थितीत एलिमेंट बदलण्याशिवाय इलाज नाही. याचं उत्तर वाळवल्याशिवाय मिळत नाही, म्हणून नवीन एलिमेंट मागवण्याआधी वाळवणं.

आधी क ची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून, हेअर ड्रायरने सुकवून पुन्हा मेगर: ०.०४. म्हणजे वरच्या घाणीचा वाटा होता, पण मुख्य गळती आतच. मग बॉयलरचा एलिमेंट असलेला वरचा भाग सुटा केला. दोन्ही थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज, सगळी रबरं, वायरी काढल्या. थर्मल फ्यूज विसरला तर तो ओव्हनमध्येच उडू शकतो आणि मग नवाच बिघाड शोधत बसावं लागतं. घरच्या ओटीजीमध्ये १२० अंशांवर ठेवलं. ओटीजीची खूण भरवशाची नसते, म्हणून आत वेगळा थर्मामीटर.

दोन तासांनी, गरम असतानाच: ०.९ मेगाओहम. चार तासांनी: ६. साडेपाच तासांनी: ११, आणि पुढे आकडा थांबला. गरम मॅग्नेशियम ऑक्साइडचा रोध गारपेक्षा कमीच असतो, म्हणून गरम असताना मिळालेले ११ उत्तम. साठ अंशांपर्यंत उतरू दिलं, आकडा ५० मेगाओहमच्या वर गेला, आणि तिथेच, पूर्ण गार व्हायच्या आत, दोन्ही तोंडं सील केली. रात्रभर तसंच ठेवून सकाळी सील करू म्हटलं असतं तर ऑगस्टच्या हवेने त्यातलं बरंच परत भरलं असतं.

सीलसाठी २५० अंश सोसणारं आरटीव्ही सिलिकॉन, न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणाऱ्या) प्रकारचं. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरचा वास येतो ते वापरू नये. त्यातलं अॅसिटिक आम्ल पितळ आणि तांबं खातं. जुना भुगा टूथपिकने दोन-तीन मिलिमीटर खोल काढून, पिनेभोवती दाबून भरलं. २४ तास सुकू दिलं.

काही जण सुचवतात की अर्थ तात्पुरती काढून मशीन चालवावं, एलिमेंट आपल्याच उष्णतेने वाळेल. हे करू नये. १० किलोओहमची गळती असलेलं मशीन, अर्थ नाही, पत्रा तरंगता: दिवा लागल्यावर ओल्या फरशीवरच्या अनवाणी माणसाने त्याला हात लावला तर शरीरातून १९-२० मिलिअँपिअर जातात. साधारण दहाच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि पकड सोडवता येत नाही. आरसीसीबी १५ ते ३० च्या मधे कुठेही पडतो, त्यामुळे एवढ्या प्रवाहाला तो पडेलच अशी खात्री नाही. गेल्या वर्षीच्या झिणझिण्या एक-दोन मिलिअँपिअरच्या होत्या; यंदा त्याच जागी हा आकडा होता.

बसवणी आणि पुन्हा मापं

वाफेच्या व्हॉल्व्हचं ओ-रिंग आणि बॉयलरचं मुख्य गॅस्केट दोन्ही नवी. बोल्ट तिरप्या क्रमाने, थोडे थोडे करून आवळले. क ची पट्टी चिमट्यात घट्ट बसत नव्हती, म्हणून स्पेड टर्मिनल नवी कापून लावली. सैल टर्मिनल तापते, आणि तिच्याच उष्णतेने शेजारचं सील जातं.

जर्मन प्लग कापून १६ अँपिअरचा तीन पिनांचा भारतीय प्लग जोडला. तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. अर्थची तार प्लगच्या आत इतर दोनांपेक्षा लांब ठेवली, म्हणजे केबल ओढली गेली तर ती सगळ्यात शेवटी सुटेल. मशीन ५.७ अँपिअर घेतं, ६ अँपिअरच्या सॉकेटला काठावर बसतं. १६ वर ते आरामात चालतं आणि प्लग तापत नाही. आता फेज नेहमी थर्मोस्टॅटच्या बाजूलाच येते, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला की एलिमेंट न्यूट्रलवर येतं, फेजवर नाही. सॉकेटमध्येही फेज उजवीकडे आहे ना (अर्थची मोठी पिन वर धरून समोरून बघताना), हे तपासलं. जुन्या घरांत ते उलटं सापडतं.

मग पाणी भरून ती चाचणी, जी चीर असल्यास उघड करते. बॉयलर भरून दोन तास गार ठेवला: ५० च्या वर. पूर्ण तापवून, प्लग काढून, लगेच: ९ मेगाओहम. चीर असती तर भरल्यावर, निदान गरम असताना, आकडा कोसळला असता. एक मेगाओहमच्या खाली आला तर मशीन परत द्यायचं नाही, असं आमचं ठरलेलं. वाफेवर दहा मिनिटं चालवून व्हॉल्व्हच्या सांध्याला टिश्यू पेपर लावला, कोरडा निघाला. चालू स्थितीत लीकेज क्लॅम्पने अर्थच्या तारेतला प्रवाह: ०.२ मिलिअँपिअर. उचलून नेता येणाऱ्या, अर्थ असलेल्या उपकरणासाठी आंतरराष्ट्रीय मानकातली मर्यादा ०.७५ आहे.

घरच्यांना दिलेल्या सूचना

पावसाळ्यात घर उघडं असेल तर आठवड्यातून एकदा तरी मशीन वीस मिनिटं तापवावं, कॉफी प्यायची असो वा नसो. टाकीत पाणी हवं, कारण कोरडा बॉयलर तापवला तर थर्मल फ्यूज उडतो. घर बंद करून जाताना टाकी आणि ट्रे रिकामे, प्लग सॉकेटबाहेर. सॉकेटचं बटण बंद केलं तर फक्त फेज तुटते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि गडगडाटात ती वाट उघडी असते. मशीन बाहेरच्या भिंतीपासून हातभर पुढे. परत आल्यावर पहिल्या तापवण्यात आरसीसीबी पडला तर तो एकदा वर करून बघावा. पुन्हा पडला की मशीन वापरायचं नाही, आणि कितव्या मिनिटाला पडला ते लिहून ठेवायचं.

तो काळा पडलेला चपटा अॅडॉप्टर कोणी पुन्हा वापरू नये म्हणून त्याच्या पिना कापून टाकल्या. चवथीनंतर, महिनाभराच्या रोजच्या वापरावर, मेगर पुन्हा लावला: गार असताना ५० च्या वर, गरम असताना १२ मेगाओहम. व्हॉल्व्हचं ओ-रिंग पुढच्या मेमध्ये, घर बंद करण्याआधी, उघडून बघायचं आहे. अर्थची चाचणीही तेव्हाच.